हातातून सुटलेल्या दगडाला पुढे कोण ढकलतं?

प्रश्न असा आहे: बल संपलं की गतीही संपते, असं हुशार माणसं ॲरिस्टॉटलपासून पुढे दोन हजार वर्षं का मानत राहिली? आणि वैशेषिक सूत्रं ज्यांच्या नावावर आहेत त्या कणादांनी हा गुंता आधीच सोडवला होता का? दोन्ही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

आधी एक समज बाजूला ठेवू. जुने लोक निरीक्षण करत नसत, हे खरं नाही. जे डोळ्यांना दिसतं त्याला ते फार घट्ट धरून होते, आणि अडचण तिथेच होती. घर्षणाने भरलेल्या जगात ओढणं थांबवलं की गाडी थांबते, वल्हवणं थांबवलं की होडी थांबते. त्यामुळे 'ही वस्तू हलत का राहते?' हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. 'ती थांबते का?' हा प्रश्न विचारावा असं कुणाला वाटतच नाही.

ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) गतीचे दोन प्रकार करतो. माती आणि पाणी खाली जातं, अग्नी आणि वायू वर जातो, ही स्वाभाविक गती. ढकलून, ओढून, फेकून दिलेली ती सक्तीची गती. सक्तीच्या गतीला चालक हवा, आणि तो वस्तूला लागून असायला हवा. 'फिजिक्स'च्या सातव्या भागात तो हिशेबही मांडतो: एखादं बल एक ओझं ठरावीक वेळात ठरावीक अंतर नेत असेल, तर तेच बल तेवढ्याच वेळात अर्धं ओझं दुप्पट अंतर नेईल. लगेच पुढे तो एक सावधगिरीही घालतो. अनेक माणसं मिळून जहाज ओढतात, पण म्हणून त्यातला एकटा माणूस जहाज थोडंसं का होईना हलवेल, असं नाही. स्थितिक घर्षणाचा उंबरठा त्याने बरोबर पाहिला होता, फक्त त्याला वेगळं नाव दिलं नाही.

हा नियम सरसकट खोटा नाही, आणि वर्गात तो खोटा म्हणूनच शिकवला जातो याचं वाईट वाटतं. दाट द्रवात तो चालतो. रुंद काचेच्या नळकांड्यात ग्लिसरीन भरा आणि ३ मिमी व्यासाचा पोलादी छर्रा व तेवढाच भरीव काचेचा मणी एकदम सोडा. थोड्याच अंतरात दोघांचाही वेग स्थिर होतो. द्रवाची उचल वजा केली तर पोलादाचं उरलेलं वजन काचेच्या सुमारे पाचपट भरतं, आणि वेगही सुमारे पाचपटच मिळतो. नळकांडं अरुंद असेल तर भिंतीजवळचा द्रव अडथळा वाढवतो आणि दोघांचाही वेग घटतो. नळकांड्याचा व्यास मण्याच्या निदान दहा-पंधरापट हवा. हवेत पडणाऱ्या मोठ्या वस्तूंचा अंतिम वेग, म्हणजे शेवटी स्थिर होणारा वेग, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तिथे ॲरिस्टॉटलचा हिशेब बसत नाही. आणि वस्तू अंतिम वेगाला पोचायच्या आत जमिनीवर आदळली, तर नियमाचा संबंधच संपतो.

निर्वात पोकळीबद्दल त्याने जे लिहिलं ते तर चकित करणारं आहे. माध्यम जितकं विरळ तितका वेग जास्त, म्हणून पोकळीत वेगाला कुठल्याही प्रमाणात बसवता येणार नाही. शिवाय पोकळीत एक जागा दुसरीपेक्षा वेगळी नसते, मग हलणारी वस्तू अमुकच ठिकाणी का थांबावी? ती एकतर स्थिर राहील, नाहीतर कुणी जास्त जोरकस आडवं येईपर्यंत चालतच राहील. हे वाचून न्यूटनचा पहिला नियम आठवतो. पण ॲरिस्टॉटलने हे लिहिलं ते पोकळी असूच शकत नाही हे दाखवायला. निष्कर्ष इतका विचित्र निघतोय, तर सुरुवातच चुकली असणार, असा त्याचा युक्तिवाद.

फेकलेला दगड हा या सगळ्या रचनेतला कच्चा दुवा. हात सुटला, मग आता लागून असलेला चालक कोण? त्याचं उत्तर: हवा. हात हवेलाही हलवण्याची शक्ती देतो, हवेचा एक थर ती पुढच्या थराला देतो, आणि हे थर दगडाला पुढे नेत राहतात.

हे उत्तर पहिल्यांदा नीट फोडलं ते अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने, सहाव्या शतकात. त्याचा मुद्दा व्यवहारी आहे. हवाच ढकलत असेल तर हाताने दगडाला स्पर्श तरी कशाला करायचा? बाण काठीच्या टोकावर ठेवा आणि यंत्रांनी त्याच्या मागची हवा कितीही ढवळा, तो हातभरसुद्धा जाणार नाही. म्हणजे फेकणारा काहीतरी अमूर्त चालकशक्ती थेट दगडातच घालतो, आणि हवा फक्त अडथळा करते. वजनाबद्दलही त्याने स्पष्ट लिहिलं: एक वस्तू दुसरीपेक्षा कितीतरी पट जड असली तरी सारख्या उंचीवरून पडायला लागणाऱ्या वेळांत अगदी थोडा फरक असतो. हे गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी. त्याहूनही जुना हिप्पार्कस (इ.स.पू. दुसरं शतक) वर फेकलेल्या वस्तूबद्दल म्हणत होता की फेकणाऱ्याचा जोर हळूहळू ओसरतो, तो वजनाइतका झाला की वस्तू क्षणभर थांबते, आणि वजन वरचढ झालं की खाली येते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता आपल्याकडचं. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात बाणाचंच उदाहरण आहे. बाणाचं पहिलं कर्म, म्हणजे पहिली हालचाल, 'नोदना'मुळे होते: ताणलेली दोरी बाणाला लागून ढकलत असते तो संयोग. त्या कर्मातून बाणात 'संस्कार' उत्पन्न होतो, आणि पुढची हालचाल, तिच्या पुढची, तिच्याही पुढची, अशी मालिका त्या संस्कारामुळे चालते. संस्कार संपला की गुरुत्वाने पतन. त्याच अध्यायात उखळ-मुसळाचं विश्लेषण आहे आणि मला ते बाणापेक्षाही सूक्ष्म वाटतं. मुसळ उखळावर आदळून वर उसळतं तेव्हा त्या उसळीचं कारण हात नाही, 'अभिघात' म्हणजे आघाताचा संयोग आहे, आणि त्या क्षणी मुसळच हाताला वर नेतं. लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचं कारण मात्र 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारं कारण, असं सांगून सोडून दिलंय. स्पर्शाविना बल समजावणं तेव्हा कुणालाच जमत नव्हतं.

पुढे याच परंपरेतले ग्रंथकार प्रशस्तपाद यांनी संस्काराचे तीन प्रकार केले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे स्मृतीचा ठसा. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेल्या धनुष्याला किंवा फांदीला मूळ आकारात आणणारा गुण. वेग हा मूर्त द्रव्यांत कर्मातून उत्पन्न होतो, ठरलेल्या दिशेने हालचालींची मालिका चालवतो आणि स्पर्श असलेल्या द्रव्याशी विशिष्ट संयोग झाला की नष्ट होतो. इथला वेग म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकातली, मीटर प्रति सेकंदात मोजायची राशी नव्हे. वस्तूत राहून तिला चालवणारं ते कारण आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणारा 'कणादांचे गतीचे तीन नियम' हा मजकूर याच ठिकाणी फसतो. प्रशस्तपादांचं हे एकच वाक्य तीन तुकड्यांत कापून त्याला न्यूटनचे तीन नियम म्हणून खपवलं जातं. वाक्य कणादांचं नाही, ही पहिली चूक. त्यातल्या 'संयोगविशेषविरोधी' या शब्दाचा अर्थ 'समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया' असा केला जातो, ही दुसरी. मूळ अर्थ एवढाच की भिंतीवर आदळल्यावर वेग संपतो. भिंतीला काय झालं याबद्दल तिथे शब्दही नाही. तिसरी चूक सगळ्यात खोल आहे. गती टिकायला वस्तूच्या आत कारण हवं, असं वैशेषिक म्हणतात, आणि न्यूटनने नेमकं तेच नाकारलं. वैशेषिकांचं श्रेय वेगळं आहे आणि खरं आहे: ढकलणं, आघात, गुरुत्व, लवचीकपणा आणि टिकून राहणारा वेग अशी कारणांची वर्गवारी त्यांनी केली, आणि बाण हवेच्या जोरावर पुढे जातो ही कल्पना त्यांना कधी लागलीच नाही. फिलोपोनसच्या शेजारी बसण्याचा मान त्यांचा आहे, न्यूटनच्या खुर्चीवर ओढूनताणून बसवायची गरज नाही.

इब्न सिना (९८०–१०३७) एक पाऊल पुढे गेला. फेकलेल्या वस्तूतला कल, ज्याला तो 'मैल' म्हणतो, आपोआप विरत नाही, अडथळ्यामुळेच विरतो. म्हणजे पोकळीत तो कधीच संपणार नाही. गंमत म्हणजे त्यानेही यातून पोकळी अशक्य असल्याचाच निष्कर्ष काढला.

चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँने या कल्पनेला पक्कं रूप दिलं, 'इम्पेटस' या नावाने. हवेच्या सिद्धान्ताविरुद्धची त्याची उदाहरणं आजही वर्गात वापरावीत अशी आहेत. भोवरा जागच्या जागी फिरतो. तो जागा सोडत नाही, मग मागची रिकामी जागा भरायला धावणारी हवा येणार कुठून? दोन्ही टोकांना अणकुचीदार भाला फेका. मागचं टोक हवेला धरायला जागाच देत नाही, तरी तो एका टोकाच्या भाल्याइतकाच जातो. प्रवाहाविरुद्ध ओढलेलं जहाज ओढणं थांबवल्यावरही पुढे सरकतं, पण डेकवरच्या माणसाला वारा मागून नाही, समोरून लागतो. इम्पेटस किती, याचं मापही त्याने दिलं: द्रव्याचं प्रमाण आणि वेग या दोन्हींबरोबर वाढणारं. म्हणून पिसापेक्षा दगड लांब जातो. पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढतो, याचंही उत्तर निघालं: वजन क्षणोक्षणी नवा इम्पेटस भरत जातं.

हे माप आजच्या संवेगासारखं (वस्तुमान गुणिले वेग) दिसतं आणि पुष्कळ पुस्तकं तिथेच टाळ्या वाजवून थांबतात. पण संवेग हे गतीचं माप आहे, तर इम्पेटस हे गतीचं कारण. शिवाय ब्युरिदाँच्या लेखी फिरत्या चाकात वर्तुळाकार इम्पेटसही असू शकतो आणि ग्रहगोलांना तो सुरुवातीलाच दिलेला असतो. गती सरळ रेषेतच टिकते, ही अट अजून आलेली नव्हती. ऑक्सफर्डच्या ब्रॅडवर्डिनने १३२८ मध्ये ॲरिस्टॉटलचं गुणोत्तर दुरुस्त करायचा प्रयत्न केला, जेणेकरून बल आणि अडथळा समान झाले की वेग शून्य यावा. गणित सुरेख, पण मोजून कुणी पाहिलं नाही.

सोळाव्या शतकात तोफांनी हा प्रश्न तातडीचा केला. तार्तालियाने १५३७ मध्ये तोफगोळ्याचा मार्ग सरळ, मग वाकडा, मग सरळ खाली असा तीन तुकड्यांत काढला. सर्वांत लांबचा पल्ला ४५ अंशांवर मिळतो हे त्याने सांगितलं होतंच. १५४६ पर्यंत त्याला कळलं होतं की मार्गाचा कुठलाच भाग पूर्ण सरळ नसतो. बेनेदेत्तीने गोफणीकडे पाहून दाखवलं की सुटलेला दगड वर्तुळाच्या स्पर्शरेषेने सरळ जातो. वर्तुळाकार इम्पेटसला पहिला खरा धक्का हा. १५८६ मध्ये सिमॉन स्टेव्हिनने एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड, असे शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर सोडल्याचं छापलं: आवाज एकच आला.

पण पडणारी वस्तू मोजायची कशी? दोन मीटरवरून पडायला ०.६४ सेकंद लागतात, आणि इतका छोटा वेळ मोजणारं घड्याळ तेव्हा हाताशी नव्हतं. गॅलिलिओने उतरण घेऊन गुरुत्व पातळ केलं. १६३८ च्या ग्रंथात मापं दिली आहेत: सुमारे बारा हात लांब, अर्धा हात रुंद, तीन बोटं जाड तुळई, तीत बोटभर रुंदीची सरळ खाच, आत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलेलं, आणि कडक, घोटीव पितळी गोळी. एक टोक एक-दोन हात वर उचललेलं. त्याचा हात ५८ सेंटीमीटरच्या आसपास धरला तर तुळई सात मीटर भरते, आणि एक हात उंचीला गोळी सुमारे पाच सेकंद घेते. वेळ मोजायला बारीक नळीतून पडणारं पाणी तराजूत तोललं. चौथाई अंतराला निम्मा वेळ, आणि असं तो शंभरदा करून पाहिल्याचं सांगतो.

हे घरी करता येतं. ॲल्युमिनियमचा २५ मिमीचा सरळ एल-अँगल सव्वादोन मीटर लांब घ्या आणि व्ही आकारात उघडी बाजू वर ठेवून लाकडी फळीवर बसवा. उतार दोन मीटरला सहा सेंटीमीटर. सुरुवातीच्या खुणेपासून १२.५, ५०, ११२.५ आणि २०० सेंटीमीटरवर खाचेत आडवी, मोटार वाइंडिंगची बारीक तार चिकटवा. १६ मिमीची काचेची गोटी सोडली की प्रत्येक तारेवर टिक् असा आवाज येतो आणि चारही टिक् समान अंतराने, दर सव्वा सेकंदाच्या आसपास येतात. तारांमधली अंतरं १२.५, ३७.५, ६२.५, ८७.५, म्हणजे १:३:५:७. घड्याळ लागतच नाही, कान पुरतो. (गॅलिलिओचा बाप वादक होता. त्यानेही आधी तालावरच मोजलं असावं, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे.)

बिघडतं ते असं. अँगल मध्ये झोळला तर वरचा उतार जास्त आणि खालचा कमी होतो, शेवटचे टिक् लांबतात. दर ४० सेंटीमीटरला आधार द्या आणि ताणलेला दोरा लावून तपासा. गोटी बोटांनी सोडू नका, पट्टीने अडवा आणि पट्टी उताराच्या दिशेने झटकन काढा. पहिल्या १२.५ सेंटीमीटरमध्ये मिळालेला छोटासा धक्काही ताल मोडतो. तार जाड असेल तर प्रत्येक टिक् गोटीचा वेग खातो.

आणि यावरून गुरुत्वत्वरण काढायला गेलात तर ९.८ ऐवजी ५.४ च्या आसपास येईल. प्रयोग चुकलेला नाही. गोटी घसरत नाही, गडगडते, आणि तिच्या फिरण्यात ऊर्जा जाते. सपाट फळीवर त्वरण ५/७ पट राहतं, पण ९० अंशांच्या व्ही खाचेत गोटी बाजूच्या दोन बिंदूंवर टेकते, फिरण्याची प्रभावी त्रिज्या कमी होते आणि त्वरण ५/९ पटीवर येतं. गॅलिलिओला हे गणित माहीत नव्हतं. पण त्याला गुणोत्तरंच हवी होती, आणि ती यात बदलत नाहीत.

उतरणीवर गोळीचा वेग वाढतो, चढावर घटतो. मग ना उतार ना चढ अशा सपाटीवर? तिथे वेग वाढायला कारण नाही आणि घटायलाही नाही. प्रश्न उलटला तो इथे. गॅलिलिओची सपाटी मात्र शेवटी पृथ्वीच्या पृष्ठभागाला धरून जाणारी, म्हणजे गोलाकारच होती. १६४० मध्ये गासंदीने मार्सेयला चालत्या गॅलीच्या (वल्ह्यांच्या जहाजाच्या) डोलकाठीवरून दगड सोडून दाखवलं की तो काठीच्या बुंध्याशीच पडतो. देकार्तने १६४४ मध्ये सरळ रेषेची अट स्पष्ट घातली. त्याचे टकरींचे नियम बहुतेक चुकले, कारण गतीचं माप घेताना त्याने दिशा सोडून दिली.

१६८७ मध्ये न्यूटनने 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या चौथ्या व्याख्येत एक वाक्य टाकलं: बाहेरून लावलेलं बल म्हणजे फक्त क्रिया, ती संपली की बल वस्तूत उरत नाही. वेग, मैल आणि इम्पेटस एका ओळीत बाद झाले. तरी त्याच्याआधीच्याच व्याख्येत 'अंगभूत बल' हा जुना शब्द तो जडत्वासाठी ठेवतो. सवय लगेच सुटत नाही.

ती आपलीही सुटलेली नाही. एखाद्याला विचारा: सरळ वर उडवलेलं नाणं वर जात असताना, हवा सोडून, त्यावर कोणती बलं आहेत? विज्ञान शिकलेली बरीच माणसं दोन बाण काढतात: खाली वजन, आणि वर 'हाताचा जोर', जो कमी होत जातो. हे हिप्पार्कसचं उत्तर आहे, शब्दाला शब्द. बरोबर बाण एकच, खालचा, वर जातानाही आणि शिखरावरही. पाठ करून हे टिकत नाही. उपाय असा की प्रत्येक बाणाशेजारी 'कशाने, कशावर' लिहायला लावायचं. वजनाला 'पृथ्वीने, नाण्यावर' लिहिता येतं. वरच्या बाणाला 'हाताने' लिहायला गेलं की पेन अडतं, कारण हात आता नाण्याला लागलेला नाही. वळणावर बसमधल्या माणसाला बाहेर ढकलणारा बाण काढला असेल तर तीच चाचणी लावा. रस्त्यावर उभ्या माणसाच्या नजरेतून पाहिलं तर बसची बाजू त्याला आत ढकलते एवढंच लिहिता येतं, बाहेरच्या बाणापुढची 'कशाने' ही जागा रिकामी राहते.